हिवाळ्यातील मोटारबिघाड
थंडीत गाडी सुरू न होण्याचे पहिले कारण बहुधा बॅटरी असते. शिसे-आम्ल बॅटरीतील रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते. उणे १८° से.ला तिची क्षमता सुमारे निम्मी उरते. त्यातच इंजिन ऑइल घट्ट झाल्याने स्टार्टरला जास्त जोर लागतो आणि जुनी बॅटरी नेमकी इथे कमी पडते. लडाखमध्ये मात्र खरी अडचण डिझेलची. त्यातील मेणासारख्या घटकांचे स्फटिक होतात, फिल्टर तुंबतो, इंजिनाला इंधन पोचत नाही. अशा वेळी टाकीखाली जाळ करणे जिवावर बेतू शकते, ते कधीही करू नये. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तेथे आणलेले हिवाळी डिझेल उणे ३३° से.पर्यंत प्रवाही राहते. रेडिएटरमध्ये नुसते पाणी असेल, तर ते गोठताना फुगून इंजिन ब्लॉकलाही तडा जातो.