शिकारी क्रॉसबो

शिकारी क्रॉसबो हे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवे धनुष्य बसवून तयार केलेले शस्त्र आहे. अमेरिकेच्या अनेक राज्यांत ठरावीक हंगामात हरणाच्या शिकारीसाठी त्याचा वापर होतो.

मूल्यमापन

जाहिरातीत बाणाचा वेग ठळकपणे दिलेला असतो. मात्र तो बहुधा हलक्या बाणाने मोजलेला असल्यामुळे केवळ वेगावरून शस्त्राची परीक्षा करणे योग्य नव्हे. ४०० ग्रेन (सुमारे २६ ग्रॅम) वजनाचा बाण सेकंदाला ३०० फूट वेगाने सुटल्यास त्याची गतिज ऊर्जा सुमारे १०८ ज्यूल भरते. त्याच धनुष्यावर हलका बाण लावल्यास वेग वाढतो, परंतु बाणाला मिळणारी ऊर्जा किंचित घटते. उरलेली ऊर्जा धनुष्याच्या बाहूंना हादरे देते. बाण न लावता चाप ओढल्यास तर जवळजवळ सर्व ऊर्जा बाहूंवरच येते व ते तडकू शकतात. त्यामुळे बाण नसताना प्रत्यंचा अडवून धरणारी यंत्रणा असणे महत्त्वाचे ठरते.

अचूकता पाहण्यासाठी एकाच अंतरावरून अनेक बाण सोडून ते किती जवळ-जवळ लागतात हे तपासतात. नेम ढळल्यास जनावर जखमी होऊन निसटते; त्यामुळे ही कसोटी वेगापेक्षा मोलाची आहे. बांधणीत प्रथम झिजते ती प्रत्यंचेच्या मध्यभागावरील दोऱ्याची गुंडाळी, कारण प्रत्येक वेळी ती बाणाच्या पट्टीवर घासते.