आपत्ती प्रतिसाद प्रशिक्षण, रायपूर

पूर, आग, वायुगळती, इमारत कोसळणे अशा प्रसंगी शोध, बचाव आणि प्रथमोपचार करणाऱ्या जवानांना व स्वयंसेवकांना तयार करण्याची छत्तीसगडमधील व्यवस्था. तिची सूत्रे राजधानी रायपूर येथून हलतात.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ मध्ये संमत झाला आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल (एनडीआरएफ) उभे राहिले. त्याची तिसरी बटालियन ओडिशात कटकजवळच्या मुंडली येथे आहे. मोठ्या दुर्घटनेत तिथले जवान छत्तीसगडमध्ये येतात, पण पहिले काही तास राज्यालाच निभवावे लागतात. त्यासाठी राज्याचे स्वतःचे प्रतिसाद दल (एसडीआरएफ) आहे. हे दल, अग्निशमन सेवा आणि होमगार्ड या तिन्हींचा कारभार राज्यात एकत्र चालतो. होमगार्डला इकडे ‘नगर सेना’ म्हणतात. होमगार्ड संघटनेचा जन्म डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईत झाला. एरवी बंदोबस्ताला उभा राहणारा नगर सैनिक पावसाळ्यात महानदी किंवा शिवनाथच्या पुरात बचावाच्या होडीवर असतो. त्यामुळे पोहणे, होडीचे इंजिन हाताळणे आणि दोरखंडाच्या गाठी या गोष्टी त्याच्या अंगवळणी पडाव्या लागतात.

पाण्यातील बचावाचा क्रम ठरलेला आहे. आधी काठी पुढे करायची, मग दोर फेकायचा, ते जमले नाही तर होडी न्यायची आणि पाण्यात उडी घ्यायची ती अगदी शेवटी. उत्साही तरुणाला हा क्रम पटवणे हे प्रशिक्षकाचे पहिले काम, कारण बुडणारा माणूस जिवाच्या आकांताने वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो. हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यायचा, हेही पुतळ्यावर हात दुखेपर्यंत करून घ्यावे लागते. नुसते ऐकून ती लय हातात येत नाही.

या राज्यात पुराइतकाच धोका कारखान्यांचा आहे. २३ सप्टेंबर २००९ रोजी कोरबा येथे बाल्को या ॲल्युमिनियम कंपनीच्या वीजप्रकल्पाची बांधकाम चालू असलेली चिमणी कोसळून किमान ४० मजूर दगावले. १२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्यात झोतभट्टीतील वायू गळून सहा जणांचा बळी गेला. या वायूतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. म्हणून वाऱ्याची दिशा पाहून पुढे सरकणे आणि श्वसनसंच लावल्याशिवाय बंदिस्त जागेत पाऊल न टाकणे, हे धडे इथे सर्वांना मिळायला हवेत.

अशा तयारीचा कस तेव्हा जांजगीर-चांपा जिल्ह्यात असलेल्या पिहरीद गावी लागला. १० जून २०२२ रोजी ऐकू-बोलू न शकणारा एक मुलगा उघड्या बोअरवेलमध्ये पडला आणि सुमारे ६० फुटांवर अडकला. त्याला धीर द्यायला आवाजाचा उपयोग नव्हता. कॅमेऱ्यातून त्याच्यावर नजर ठेवून दोराने केळी व फळांचा रस खाली सोडला जात होता. शेजारी तेवढाच खोल खड्डा खणून आडवा बोगदा काढायचे ठरले, पण कठीण खडक लागला. मोठ्या यंत्राचे हादरे मुलाला घातक ठरले असते, म्हणून शेवटचा टप्पा हाती चालणाऱ्या यंत्रांनी फोडला. सैन्य, एनडीआरएफ, एसडीआरएफ, पोलीस आणि जिल्हा प्रशासन सारे तिथे राबत होते. सुमारे १०४ तासांनी मुलगा जिवंत बाहेर आला. वेगवेगळ्या गणवेशांच्या माणसांना एका आदेशाखाली काम करण्याची सवय आधीपासून लागते. ती लावणे हा प्रशिक्षणाचा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचा भाग आहे.

स्वयंसेवकांसाठी ‘आपदा मित्र’ ही केंद्रीय योजना आहे. २०१६ मध्ये देशातील ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ६,००० जणांपासून ती सुरू झाली. पुढे ३५० जिल्हे व एक लाख स्वयंसेवक असा तिचा विस्तार ठरला. प्रशिक्षण बारा दिवसांचे, सोबत बचावसाहित्याचा संच. बारा दिवसांत ओळख होते, पण हात बसायला दरवर्षी उजळणी हवी. शिवाय गावाइतकीच ही गरज शहरातल्या इमारतींनाही आहे. १७ एप्रिल २०२१ रोजी रायपूरच्या एका खासगी रुग्णालयातील आगीत पाच कोविड रुग्णांचा मृत्यू झाला. रुग्णालयात आग लागते तेव्हा पहिले बचावकर्ते म्हणजे परिचारिका आणि वॉर्डबॉयच असतात. धूर कसा पसरतो आणि खाटेवरचा रुग्ण कसा हलवायचा, हे त्यांना आधीच शिकवलेले असले पाहिजे.

वरच्या पायरीचे शिक्षण घ्यायचे तर रायपूरला नागपूर जवळचे. हावडा-मुंबई लोहमार्गावर ते सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि १९५७ साली स्थापन झालेली, पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेलेली संस्था, दोन्ही तिथेच. नंतर ही दुसरी संस्था एनडीआरएफच्या अकादमीत विलीन झाली; ती अकादमीही नागपुरातच आहे. नागरी संरक्षणाचे म्हणाल तर ७ मे २०२५ रोजी देशभर त्याची रंगीत तालीम झाली, तिच्यासाठी छत्तीसगडमधून एकच जिल्हा निवडला होता, तो भिलाईचा दुर्ग. रायपूर त्या यादीत नव्हते.