बदकांची राखण, महाड-पोलादपूर परिसरातील
सह्याद्रीच्या पायथ्याशी सावित्री नदीच्या खोऱ्यात असलेल्या रायगड (1981 पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या तालुक्यांत परसातील पक्ष्यांची राखण हा घरच्या स्त्रियांच्या मिळकतीशी निगडित असा जुना प्रश्न होय. कोंबडी सायंकाळी उंच जागी बसते. बदक मात्र (मस्कोव्ही जात वगळता) जमिनीवरच झोपते व त्यास फारसे उडता येत नाही. त्यामुळे ते कोल्हा, मुंगूस, रानमांजर इ. प्राण्यांना सहज सापडते. पूर्वी पक्षी रात्री बांबूच्या डालग्याखाली झाकीत किंवा खुराड्यात कोंडीत, कुत्रा पाळीत व भक्षकांसाठी फासे लावीत. 1972 चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम व त्यातील पुढील दुरुस्त्या यांनुसार या प्राण्यांना धरणे वा मारणे गुन्हा ठरला आणि राखणीचा सारा भार निवाऱ्यावर आला. डालगे उलथते व मुंगूस लहानशा फटीतूनही शिरते; म्हणून बारीक छिद्रांची तारेची जाळी, पायाशी पुरलेले दगड व घट्ट कडी आवश्यक असते. बदके बहुधा पहाटे अंडी घालतात. ती सकाळी उशिरा सोडल्यास अंडीही हाती लागतात. 2005 व 2021 या वर्षांतील महापूर लक्षात घेता नदीकाठी निवारा उंचावर असणे इष्ट होय.