उंच बॉनेटची जीप आणि ट्रॅक्टरचे इंजिन

#थ्रेड
कात्रजचा घाट उतरला की किकवी, नीरा ओलांडली की शिरवळ, आणि पुढे खंबाटकीचा चढ. अशा रस्त्यांवर माणसे नि माल वाहणाऱ्या जुन्या जीपगाड्यांचा कस घाटातच लागे. इंजिन बदलण्याचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात येथूनच करावी.

महायुद्धातील विलीज जीपचे पेट्रोल इंजिन 2.2 लिटरचे, सुमारे 60 अश्वशक्तीचे. पुढे विलीजने तेवढ्याच क्षमतेचे, पण अधिक जोरकस 'हरिकेन' इंजिन आणले. त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि इंजिनाची उंची वाढली. म्हणून 1953 च्या सीजे-3बी जीपचे बॉनेट उंच करावे लागले. महिंद्राने हीच जीप आपल्याकडे अनेक दशके बनवली. तिचा तो चौकोनी, काहीसा ओबडधोबड चेहरा (मला तो देखणाच वाटतो) इंजिनाच्या मापाने घडलेला आहे.

मग 1973 चे तेलसंकट आले. खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले. करांमुळे डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते. भाड्यावर पोट असणाऱ्याला हिशेब करायला वेळ लागला नाही.

डिझेल इंजिन महिंद्राच्या घरातच होते, पण ट्रॅक्टरमध्ये. 1963 साली इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टाससह स्थापन झालेल्या कंपनीचा बी-275 ट्रॅक्टर शेतात रुळला होता. त्याच घराण्याचे सुमारे 2350 सीसीचे इंजिन जीपमध्ये आले. 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी डिझेल इंजिनाचा करार झाला.

जुन्या पेट्रोल जीपवाल्यांनी मात्र गॅरेज गाठले. काम सोपे नव्हते. डिझेल इंजिन जड, त्यामुळे पुढचे पाटे बसत. माउंटिंग नव्याने वेल्ड करावे लागे, क्लचचे घर गिअरबॉक्सशी जुळवावे लागे. शिवाय ट्रॅक्टरचे इंजिन संथ फिरणारे. चढावर ते चिवट, पण जुन्याच गिअरवर सपाटीचा वेग घटे.

कागदाचा प्रश्न उरतोच. इंजिन क्रमांक आरसी बुकात नोंदलेला असतो, आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 अशा फेरबदलांवर बंधने घालते. म्हणून जुनी जीप अभ्यासताना चेसिसवरचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक वेगवेगळे वाचावेत. अनेकदा त्या दोहोंत वीस-वीस वर्षांचे अंतर निघते.