मायसेनचे फुटलेले गुपित

शिक्षकांच्या खोलीतील चहाचा कप रिकामा झाला, की उजेडासमोर धरून पाहा. तो पातळ, उत्तम पोर्सेलिनचा असेल तर त्यातून बोटांची सावली दिसते. आज सहज मिळणाऱ्या या वस्तूची कृती अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपात एका राज्याचे गुपित होती. ते जपण्यासाठी कारखाना चक्क किल्ल्यात थाटला गेला. तरीही नऊ वर्षांत ते बाहेर पडले, आणि तेही आतल्याच माणसाकडून.

पोर्सेलिन ही चीनची विद्या. युरोपातील श्रीमंत त्यासाठी वाटेल ती किंमत मोजत. सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याला तर त्याचे वेडच होते. १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला ६०० सैनिक दिले आणि बदल्यात १५१ भांडी घेतली! अशी भांडी घरीच करता आली तर सोन्याची खाण हाती लागल्यासारखेच होते.

योगायोग असा, की हे काम सोने करायला निघालेल्या माणसाकडूनच घडले. योहान ब्योटगर हा बर्लिनमधील एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करणारा तरुण. आपल्याला सोने करता येते असा बोभाटा झाल्यामुळे तो १७०१ मध्ये सॅक्सनीत पळून आला आणि ऑगस्टसच्या कैदेत पडला. सोने काही झाले नाही. पण चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली तो निरनिराळ्या माती व खडक तापवून पाहू लागला. जानेवारी १७०८ मधील त्याच्या टिपणात यशस्वी मिश्रणांची नोंद सापडते.

यातले विज्ञान असे आहे. केओलिन नावाची पांढरी माती प्रचंड उष्णतेतही आकार सोडत नाही. तिच्यात लवकर वितळणारा दुसरा खनिज पदार्थ मिसळला, की तो वितळून काचेसारखा होतो आणि मातीच्या कणांमधील पोकळ्या भरून काढतो. म्हणून भांडे टणक, पाणी न शोषणारे आणि अर्धपारदर्शक बनते. मात्र त्यासाठी भट्टी सुमारे १४०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावी लागते. म्हणजे गुपिताचे तीन भाग झाले: कोणती माती, कोणते मिश्रण आणि कशी भट्टी.

१७१० मध्ये कारखाना निघाला आणि ड्रेस्डेनजवळच्या मायसेन गावी, टेकडीवरील आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात गेला. तेथे ये-जा करण्यावर कडक निर्बंध होते. शिवाय कृतीची वाटणी केलेली होती. मातीचे मिश्रण एकाला ठाऊक, तर वरची झिलई दुसऱ्याला. एक माणूस फुटला तरी अर्धेच गुपित जावे, हा हिशेब होता.

हा हिशेब काही काळ बरोबरही ठरला. १७१७ मध्ये हुंगर नावाचा मुलामा देणारा कारागीर व्हिएन्नाला पळाला. तेथे द्यू पाकिए हा दरबारी अधिकारी कारखाना काढण्याच्या खटपटीत होता. पण हुंगरचे ज्ञान अर्धवट निघाले आणि भट्टीतून पोर्सेलिन काही येईना. मग १७१९ च्या आरंभी मायसेनमधील श्ट्योल्झेल फितला. माती व भट्टीचे काम त्याच्या हातात बसलेले होते. मायसेनमध्ये तेव्हा पैशांची ओढाताण होती आणि पगार थकत होते. व्हिएन्नाने भरघोस पगार कबूल केला. त्याच वर्षी तेथे पोर्सेलिन तयार झाले.

गोष्ट इथे संपत नाही. व्हिएन्नातही कबूल केलेले पैसे मिळेनात. श्ट्योल्झेल रागावला आणि १७२० मध्ये मायसेनला परतला. निघताना त्याने तेथील तयार माती व साचे यांची नासधूस केली आणि हेरोल्ट नावाचा गुणी चित्रकार सोबत आणला. मायसेनने त्याला माफ केले आणि हेरोल्टच्या रंगकामाने मायसेनची कीर्ती वाढली. गुपित मात्र परत किल्ल्यात जाणार नव्हते. पुढे व्हिएन्नात तयार झालेला रिंगलर गावोगाव गेला आणि हेक्स्ट, न्यूम्फेनबुर्ग, लुडविग्सबुर्ग येथील कारखान्यांना ही विद्या मिळाली.

आजच्या कंपन्या आपली गोपनीय कागदपत्रे जपतात त्याही याच रीतीने. ज्याला जेवढे लागते तेवढेच दाखवायचे, कोणी काय उघडले याची नोंद ठेवायची, प्रत काढू द्यायची नाही. हे उपाय निरुपयोगी नाहीत. हुंगरची फजिती हाच त्याचा पुरावा. पण कुलूप कागदाला लावता येते, हाताला बसलेल्या कसबाला नाही. मायसेन आणि व्हिएन्ना दोघांनीही भिंतीकडे लक्ष दिले आणि भिंतीआतल्या माणसाचा पगार थकवला. दोघांचेही नुकसान एकाच माणसाने केले.

वर्गात हा प्रसंग सांगून मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा: तुम्ही मायसेनचे व्यवस्थापक असता, तर आधी काय केले असते? भिंत उंच केली असती, की पगार वेळेवर दिला असता? वाद रंगेल. तो रंगत असताना चहाचा कप टेबलावर ठेवायला विसरू नका.