श्रेय, प्रेय आणि नाणे

देवळात तीर्थ घेताना आपण उजव्या हाताचा तळवा पुढे करतो आणि पुजारी पळीभर तीर्थ त्यावर घालतो. किती घालावे हे त्याला सांगावे लागत नाही, आणि कोणी अधिक मागतही नाही. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया येथे होऊन गेलेल्या हीरोन नावाच्या यंत्रज्ञाने हे काम करणारे एक पात्र आपल्या ‘न्यूमॅटिका’ ग्रंथात वर्णिले आहे. पात्राच्या फटीतून पाच द्राख्मांचे नाणे टाकावे. ते आतील तरफेच्या टोकावर पडावे. त्याच्या भाराने झडप उघडून पवित्र जल वाहावे. आणि नाणे घसरून खाली पडताच झडप मिटावी. आपोआप विक्री करणाऱ्या यंत्राचे आज ज्ञात असलेले हे सर्वांत जुने वर्णन होय. म्हणजे या यंत्राचा जन्म बाजारात नव्हे, देवस्थानाच्या छायेत झाला, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

पुढे अनेक शतके या कल्पनेला फारशी गती मिळाली नाही. १८८३ साली लंडनमध्ये पर्सिव्हल एव्हरिट याचे टपालाची कार्डे विकणारे यंत्र आले. १८८८ साली न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर चघळण्याच्या गोडीची यंत्रे उभी राहिली. तीर्थाची जागा प्रथम पत्राने घेतली आणि मग जिभेच्या लालसेने. आज विमानतळ, रुग्णालये, महाविद्यालये अशा ठिकाणी काचेआड तळलेल्या चकत्या, बिस्किटे, साखरेची पेये आणि एखाद्या कोपऱ्यात भाजलेले शेंगदाणे अशी मांडणी दिसते. उभा असलेला मनुष्य म्हणतो, ‘मी निवडले.’ खरोखरच त्याने निवडले काय?

वकिलाच्या धंद्यात हा प्रश्न निराळ्या वेशात भेटतो. १९७० साली इंग्लंडच्या न्यायालयापुढे मोटारी ठेवण्याच्या एका जागेवरील तिकिटयंत्राचा वाद आला. लॉर्ड डेनिंग यांनी असा निर्वाळा दिला की, सज्ज उभे असलेले यंत्र हाच मालकाचा प्रस्ताव असतो आणि ग्राहकाने पैसे टाकले की तो स्वीकारला जातो. त्यानंतर यंत्राशी वाद घालता येत नाही. दुकानदाराला आपण ‘थांबा, दुसरे दाखवा’ असे म्हणू शकतो; यंत्राला नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विवेकाला जी काही संधी आहे, ती नाणे पडण्यापूर्वीच आहे.

ही संधी वाढविता येते का, याचे प्रयोग झाले आहेत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात बारा कार्यालये आणि बारा शाळांतील यंत्रांमध्ये कमी स्निग्धांशाच्या पदार्थांच्या किंमती उतरविल्या. दहा टक्के उतरविल्या तेव्हा त्या पदार्थांची विक्री नऊ टक्क्यांनी वाढली; पंचवीस टक्क्यांनी एकोणचाळीस, तर निम्म्या किंमतीत त्र्याण्णव टक्क्यांनी; आणि यंत्रांचा सरासरी नफा घटला नाही. २०१७ साली शिकागोच्या रश विद्यापीठातील संशोधकांनी याहून साधी युक्ती सांगितली. अपायकारक पदार्थ मागितला की तो पंचवीस सेकंद उशिरा द्यावयाचा, हितकर पदार्थ मात्र तत्काळ. एवढ्याने हितकर पदार्थांकडे वळणाऱ्यांचे प्रमाण थोडेसे का होईना, वाढले.

पंचवीस सेकंद! आमच्या आजीने हे ऐकले असते तर ती हसली असती. नैवेद्य दाखविल्याशिवाय ताटाला हात लावू नये, आरती झाल्याशिवाय खोबरे-खडीसाखर मागू नये, हा विलंबाचाच संस्कार होता. कठोपनिषदात यम नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय यांतील भेद सांगतो. दोन्ही मनुष्यापुढे येतात, विवेकी पुरुष त्यांना पारखून घेतो. पारखावयाला वेळ लागतो, आणि तो वेळ आमच्या पूर्वजांनी देवाच्या निमित्ताने राखून ठेवला. अर्थात प्रसाद म्हटला की तो पथ्यकर असलाच पाहिजे, असे नाही. बेळगावचा कुंदा देवापुढे ठेवला म्हणून त्यातील साखर कमी होत नाही. परंतु प्रसाद तळहातावर मावेल एवढाच मिळतो. हीरोनच्या पात्राने मोजून दिले ते नाण्याच्या हिशेबाने. पुजारी मोजून देतो ते मर्यादेच्या.

सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली युद्धासाठी बांधली गेली. आज तेथून प्रवासी ये-जा करतात. ज्या वाटेने प्रवासी येतो, त्या वाटेने काचेचे कपाटही येते. उद्या या सीमाभागातील एखाद्या देवस्थानच्या यात्रिनिवासात असे यंत्र ठेवावे काय, हा प्रश्न विश्वस्तांपुढे आला, तर त्याला एकदम नकार द्यावा असे मी म्हणणार नाही. रात्री उशिरा पोहोचलेल्या यात्रेकरूला, मधुमेही वृद्धाला, भुकेल्या लेकराला त्याचा उपयोगच होईल. परंतु २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत अतिस्निग्ध, अतिगोड व अतिखारट पदार्थ विद्यार्थ्यांना विकण्यास मनाई केली आहे. शाळेच्या फाटकाला कायद्याने जी मर्यादा दिली, ती देवळाच्या दाराने आपण होऊन पाळू नये काय?

यंत्रात शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याच्या वड्या डोळ्यांच्या उंचीवर असाव्यात, आणि त्यांची किंमत सर्वांत कमी असावी. करारपत्रात ही अट स्पष्ट लिहून घ्यावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. नाणे भक्त टाकील हे खरे. पण त्याच्यापुढे काय मांडावयाचे, ही निवड त्याच्या आधी विश्वस्तांनी केलेली असते, आणि तिचा जाब त्यांनाच द्यावा लागेल.