कॉम्प्रेसरच्या डब्यात गेट कसं आलं?

कॉम्प्रेसर म्हटलं की आपल्याकडे आधी फ्रिज आठवतो. साउंडवाल्यांचा कॉम्प्रेसर वेगळा. माइकमधून येणारा आवाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला की तो त्याला खाली ओढतो. गेटचं काम उलट: आवाज ठरलेल्या पातळीच्या खाली गेला की दार बंद. एकोणीस इंच रुंद, पावणेदोन इंच उंच अशा एका काळ्या डब्यात ही दोन्ही कामं दोन-दोन चॅनेलांसाठी बसवलेली असतात. आमच्या गाण्याच्या ग्रुपला दोन गायकांसाठी असा डबा हवा होता, तोही परवडणारा. ‘तू इंजिनीअर आहेस ना, मग तूच बघ’ असा ठराव झाला. मी सॉफ्टवेअरवाला आहे, सोल्डरिंगवाला नाही, हे कोणी ऐकून घेतलं नाही.

स्वस्त डब्यांचे तक्ते शेजारी ठेवले तर सगळे सारखेच दिसतात. थ्रेशोल्ड, रेशो, गेट, लिंक. मला प्रश्न पडला की हे सगळं एकाच डब्यात आलं कसं? त्याचं उत्तर शोधताना खरेदीचा निर्णयही बराचसा होऊन गेला.

कॉम्प्रेसर गायकासाठी जन्मलाच नव्हता. १९३०च्या दशकात अमेरिकन रेडिओ केंद्रांना धास्ती होती ती ट्रान्समीटरची. कार्यक्रमातला आवाज एकदम उसळला की प्रक्षेपण फाटायचं. तोवर एक माणूस काट्याकडे डोळे लावून, बटणावर हात ठेवून बसायचा. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३७मध्ये ‘११०’ नावाचं यंत्र आणलं आणि त्या माणसाचं काम व्हॉल्व्हकडे गेलं. पुढे १९५९च्या सुमारास मूळचे एस्टोनियाचे राइन नार्मा यांनी फेअरचाइल्ड ६६० आणि ६७० रचले. ६७० दोन चॅनेलांचा, २० व्हॉल्व्हचा आणि जवळपास ३० किलोंचा. त्याला जपायची होती रेकॉर्ड कापणारी सुई: खोबण फार रुंद झाली तर ऐकणाऱ्याच्या घरी पिन उडणार. लंडनच्या ॲबी रोडवर बीटल्सच्या आवाजावर ६६० लागला तो नंतर. यंत्र वाचवायला केलेली युक्ती गळ्यालाही शोभते, हे वापरता वापरता कळलं.

मग दोन भाऊ आले, दोघेही अजून पूजले जातात. जेम्स लॉरेन्स यांच्या एलए-२एमध्ये आवाजाच्या जोरावर एक दिवा कमी-जास्त उजळतो आणि त्या उजेडाने एक रोधक बदलतो. बिल पटनम यांच्या ११७६ने १९६७मध्ये तेच काम ट्रान्झिस्टरकडून, फार चपळाईने करून घेतलं. दोन्ही एका चॅनेलचे, दोन्ही महाग. आपल्या कामाचे नाहीत.

आपल्या डब्याचे खरे आजोबा म्हणजे डेव्हिड ब्लॅकमर. त्यांनी १९७१मध्ये डीबीएक्स ही कंपनी काढली. त्यांची युक्ती समजायला अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलमधलं लॉग टेबल आठवा. दोन अवघड आकड्यांचा गुणाकार करायचा तर त्यांचे लॉग काढायचे, बेरीज करायची, अँटिलॉग बघायचा. आवाज लहान-मोठा करणं म्हणजे गुणाकारच. ब्लॅकमर यांनी ट्रान्झिस्टरच्या अंगभूत गुणाचा वापर करून आलेल्या सिग्नलचा लॉग काढला, त्यात नियंत्रणाचं व्होल्टेज मिसळलं आणि पुन्हा अँटिलॉग केला. या सर्किटला व्हीसीए म्हणतात. १९७३मध्ये त्याला अमेरिकन पेटंट मिळालं. १९७६मध्ये आलेला डीबीएक्स १६० याच सर्किटावर उभा होता.

यात मला सर्वांत देखणी वाटते ती बेरीज. बेरजेत किती आकडे घ्यायचे यावर बंधन नाही. कॉम्प्रेसर म्हणतो ‘सहा डेसिबल कमी’, गेट म्हणतं ‘वीस डेसिबल कमी’, हाताने फिरवायचं बटण म्हणतं ‘चार वाढव’. सगळ्यांची व्होल्टेज एका तारेवर एकत्र करायची आणि एकाच व्हीसीएला द्यायची. गेटसाठी वेगळं यंत्र लागतच नाही, थोडे सुटे भाग पुरतात.

खरं तर गेटचं घराणं निराळं. पॉल बफ यांच्या ॲलिसन रिसर्चचं केपेक्स १९७०च्या दशकात स्टुडिओत ड्रमच्या माइकांवर आलं. इंग्लंडमधल्या ड्रॉमर कंपनीच्या डीएस२०१ने पुढे गेटला कान दिले. कोणत्या पट्टीतला आवाज ऐकून दार उघडायचं, हे त्यात ठरवता येतं. ढोलाचा ठोका आला तर उघड, बाजूची झांज वाजली तर नको. स्वस्त डब्यातल्या गेटला बहुधा हे कान नसतात. ते तिथे आहे, कारण व्हीसीए आधीच तिथे होता.

स्वस्ताई दोन पायऱ्यांनी आली. सुरुवातीला या सर्किटसाठी ट्रान्झिस्टर निवडून, जोड्या जुळवून लावावे लागत. १९८०च्या दशकात सगळं एका चिपवर आलं. एकाच सिलिकॉनवर शेजारी-शेजारी बनलेले ट्रान्झिस्टर सख्ख्या भावंडांसारखे जुळतात आणि तापतातही एकत्र. दुसरी पायरी कायद्याची. तेव्हा अमेरिकन पेटंट मिळाल्यापासून १७ वर्षं टिकत असे, म्हणजे मूळ पेटंट १९९०मध्ये संपलं. त्याच सुमारास अलेसिसचा ३६३० तीनशे डॉलरच्या आसपास मिळू लागला: दोन चॅनेल, दोन्हीत कॉम्प्रेसर आणि गेट. पॅरिसच्या डाफ्ट पंकने तो वापरला म्हणून आज त्याला वलय आहे. जर्मनीच्या बेहरिंगरचा कंपोझर आणि डीबीएक्सचा स्वतःचा २६६एक्सएल हे त्याच बाजारातले. नंतर कारखाने चीनमध्ये गेले आणि किंमत आणखी उतरली. पेटंट संपल्यामुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही, पण दार तेव्हा उघडलं हे नक्की.

आता आमचे दोन गायक. या इतिहासातून माझ्या हाती लागलं ते असं, की डब्यातली दोन कामं संगीताने एकत्र आणली नाहीत, हिशोबाने आणली. म्हणून गळ्यासाठी निवडताना कॉम्प्रेसर बघायचा आणि गेटकडे संशयाने बघायचं. एका कोजागरीला भाड्याच्या साउंडवाल्याने गेट लावलं होतं. गायिकेच्या प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर, जिथे ती आवाज हळूच सोडते, तिथेच दार बंद. वर तबल्याची थाप माइकमध्ये शिरली की ते पुन्हा उघडायचं. भावगीत असं ऐकणं म्हणजे कोणी पान संपायच्या आत पुस्तक मिटावं तसं.

कॉम्प्रेसरचीही एक मेख आहे. मोठा सूर सहा डेसिबल दाबला आणि मेकअप गेनने सहा परत चढवले, तर गायक गप्प असताना माइक आधीपेक्षा सहा डेसिबल जास्त उघडा राहतो. स्टुडिओत याने बिघडत नाही. हॉलमध्ये समोर मॉनिटर असतो आणि शिट्टी वाजते. म्हणजे हा डबा शिट्टीवरचं औषध नाही, उलट वापरला तर शिट्टीचं कारण. तीनास एक रेशो, सर्वांत मोठ्या सुराला तीन-चार डेसिबल दाब आणि मेकअप जवळपास शून्य, एवढंच मला हवं आहे.

आणि लिंकचं बटण. ते दाबलेलं असेल तर दोन्ही चॅनेल एकत्र हलतात. डाव्या-उजव्या स्टिरिओसाठी ते बरोबर. दोन वेगळे गायक असतील तर एकाने वरचा षड्ज लावला की दुसऱ्याचा आवाजही खाली जाणार. आमच्याकडचा दादा तार सप्तकात रमतो, त्यामुळे हा प्रश्न कौटुंबिक आहे.

हल्ली हे सगळं डिजिटल मिक्सरच्या पोटात असतं. बेहरिंगरच्या २०१२मधल्या एक्स३२मध्ये बत्तीसही चॅनेलांना कॉम्प्रेसर आणि गेट आहे. म्हणूनच रॅकमधले काळे डबे जुन्या बाजारात येऊन पडलेत. आमचा मिक्सर ॲनलॉग आहे, चांगला चालतो, आणि त्याला इन्सर्ट आहेत. आम्ही वापरलेला दोन चॅनेलांचा डबा घेतला. लिंकचं बटण समोरच आहे आणि ते बाहेर आहे की आत, हे लांबून दिसतं. गेट पूर्ण बंद करता येतं. दर चॅनेलला किती डेसिबल दाबलं जातंय ते दाखवणारे दिवेही चालू आहेत. इन्सर्टच्या वाय केबली मात्र बाजारात हव्या त्या लांबीच्या मिळाल्या नाहीत, त्या रविवारी घरीच जोडायच्या आहेत. सोल्डरिंग दादा करणार आहे.